जेधे दप्तरातील एक नोंद आणि तिच्या भोवतीचे कागद

भोरहून रायरेश्वराच्या दिशेने निघाले की डोंगराच्या पायथ्याशी कारी नावाचे गाव लागते. रोहिडखोऱ्याची देशमुखी ज्या जेधे घराण्याकडे होती, त्यांचे हे गाव. या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या कागदांपैकी एक शकावली, म्हणजे घटनांची वर्षवार टिपणे, दयाजीराव सर्जेराव ऊर्फ दाजीसाहेब जेधे देशमुख यांच्याकडून लोकमान्य टिळकांच्या हाती आली, आणि टिळकांनी ती १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तिच्यातल्या एका नोंदीमुळे शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा मिटलेला वाटणारा प्रश्न नव्याने उभा राहिला, आणि सरकारदरबारी त्याचा निकाल लागायला विसावे शतक सरावे लागले.

हे प्रकरण एरवी जन्मतिथीच्या वादाची हकीकत म्हणून सांगितले जाते. येथे ते वेगळ्या बाजूने मांडायचे आहे. एका मावळी घराण्याने कागद का ठेवले, कोणते ठेवले, आणि ज्या हेतूने ठेवले तो हेतू लक्षात घेतल्यावर त्या कागदांतला कोणता मजकूर किती विश्वासाने घ्यावा, हा येथील प्रश्न आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. घराण्याचे कागद टिकतात ते स्वार्थामुळे, आणि त्या कागदांतली सर्वांत भरवशाची माहिती बहुधा तीच असते, जिच्यात त्या घराण्याचा काहीही स्वार्थ गुंतलेला नसतो. जेधे दप्तर हे त्याचे मला माहीत असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

कागद का टिकले

देशमुखी हे वतन होते. परगण्याचा वसूल गोळा करून द्यायचा, रयत आणि राज्य यांच्यामध्ये उभे राहायचे, प्रसंगी आपली माणसे घेऊन लढाईला जायचे आणि त्याबदल्यात हक्क-लवाजिमा, इनाम जमीन व मानपान घ्यायचे, असा तो व्यवहार होता. हे वतन वंशपरंपरेचे असले तरी आपोआप चालत नसे. राज्य बदलले की नव्या धन्याकडून जुने कागद मान्य करून घ्यावे लागत. भाऊबंदांत तंटा निघाला, शेजारच्या देशमुखाने शीव ओलांडली, होळीच्या पोळीवरून किंवा शिमग्याच्या मानावरून दोन घरे हमरीतुमरीवर आली, की गोतसभा, म्हणजे भाऊबंद व गावकऱ्यांची न्यायसभा, बसे, दोन्ही बाजूंचे कागद पाहिले जात आणि महजर, म्हणजे साक्षींसह निवाड्याचा कागद, होई. त्या वेळी ज्याच्या रुमालात, म्हणजे कागद बांधून ठेवलेल्या कापडी गाठोड्यात, कागद असेल त्याचे वतन, आणि ज्याचा कागद परचक्रात जळाला त्याला आणखी एक पिढी भांडत बसावे लागे.

म्हणूनच देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी अशा घरांतून दप्तराचा रुमाल देवघराच्या फडताळात किंवा माजघरातल्या पेटाऱ्यात ठेवलेला असे. त्याला दसऱ्याला हळदकुंकू लागे, पण घरातल्या धाकट्यांना तो उघडण्याची परवानगी नसे. इंग्रजी अमलात ही भीती उलट वाढली. १८५२ च्या कायद्याने इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला बळ मिळाले आणि सनदा दाखवा नाहीतर इनाम सोडा, असा तगादा सुरू झाला. त्या काळात कागद दाखवण्याची जितकी धास्ती लोकांना वाटली तितकीच तो हरवण्याची वाटली. पुढे अर्धशतकाने इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरे शोधत हिंडू लागले, तेव्हा अनेक दारांवर जो संशय त्यांच्या वाट्याला आला त्याचे मूळ बरेचसे येथे आहे. पायपीट करून आलेला हा माणूस कागद मागतो म्हणजे सरकारचा हेर असणार, ही शंका आज हास्यास्पद वाटते, पण त्या घरांच्या अनुभवाला धरूनच होती.

राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. जेध्यांची शकावली या पार्श्वभूमीवर बाहेर आली. ती एखाद्या कचेरीत न जाता टिळकांकडे गेली, यालाही अर्थ आहे. कागद बाहेर काढायला संस्थेपेक्षा माणसावरचा विश्वास आधी लागतो. हे शंभर वर्षांपूर्वी खरे होते आणि ज्यांनी आजही एखाद्या घरात बसून रुमाल सोडवला आहे, त्यांना ते वेगळे सांगायला नको.

रुमालात काय होते

या दप्तरातले तीन कागद येथे महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे विजापूरच्या अली आदिलशहाचे कान्होजी जेधे यांना आलेले फर्मान. त्याची तारीख १६ जून १६५९ अशी लावली जाते. शिवाजी राजांचा बंदोबस्त करण्यासाठी अफजलखानाची नेमणूक केली आहे, तरी देशमुखांनी खानाच्या हाताखाली चाकरी करावी, असा त्याचा आशय आहे. दुसरा कागद म्हणजे जेधे करीना. करीना म्हणजे वतनाची आणि वतनदाराची हकीकत, आपला हक्क कोठून आला आणि तो राखण्यासाठी पूर्वजांनी काय सोसले हे सांगणारा वृत्तान्त. तिसरा कागद म्हणजे शकावली, शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या, म्हणजे इसवी सन १६१८ ते १६९७ या काळातल्या घटनांची वर्षवार टिपणे.

यातले फर्मान जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ज्या घराण्याचा सारा अभिमान अफजलखानाच्या प्रसंगी महाराजांच्या बाजूने उभे राहिल्याचा, त्याच घराण्याने महाराजांच्या विरुद्ध उभे राहण्याचा हुकूम साडेतीनशे वर्षे सांभाळून का ठेवावा? निष्ठेचा पुरावा म्हणून, असे उत्तर आपण चटकन देतो, कारण करीन्यातली पुढची कथा आपल्याला ठाऊक असते. मला मात्र आणखी एक साधे कारण दिसते. त्या फर्मानात बादशहाने कान्होजींना देशमुख म्हणून संबोधले आहे. हुकूम पाळला की मोडला हा प्रश्न त्या वर्षापुरता होता. बादशाही शिक्क्याखाली देशमुखी मान्य झाल्याचा पुरावा मात्र पुढच्या प्रत्येक तंट्यात उपयोगी पडणार होता. वतनदाराच्या दृष्टीने शत्रूचा कागद असा प्रकारच नसतो. हक्क सांगणारा कागद असतो किंवा नसतो.

करीना : जेथे घराण्याचा हात दिसतो

करीन्यातला सर्वांत परिचित प्रसंग याच फर्मानानंतरचा आहे. खानाची स्वारी येते असे कळल्यावर मावळचे देशमुख चलबिचल झाले. उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कान्होजी आपल्या पाच मुलांसह महाराजांकडे गेले, फर्मान पुढे ठेवले आणि वतनावर पाणी सोडले. महाराष्ट्रातल्या शाळेतून शिकलेल्या प्रत्येकाने हे चित्र पाहिलेले आहे.

यात खोटे काही आहे असे मला म्हणायचे नाही. फर्मान स्वतंत्रपणे हाती आहे, पुढच्या मोहिमांत जेधे महाराजांच्या बाजूला होते हे अन्य साधनांतून दिसते आणि खोपड्यांचा पक्षबदलही उघड आहे. तरीही हे वर्णन करीन्यातले आहे आणि करीना हा हक्क सांगण्यासाठी लिहिलेला कागद आहे, हे विसरून चालत नाही. वतनावर पाणी सोडल्याचे जो कागद इतक्या ठसठशीतपणे सांगतो, तोच कागद ते वतन आमचेच कसे आहे हे सिद्ध करण्यासाठी रुमालात ठेवलेला आहे. यात विसंगती नाही, कारण वतनाचा त्याग करण्याइतकी चाकरी केली म्हणून वतन अधिक घट्ट झाले, असाच त्या मांडणीचा अर्थ आहे. प्रसंग घडला असणार. त्याला आलेला रेखीव आकार मात्र सांगणाऱ्याचा आहे.

याच करीन्यात असेही काही आहे जे जेध्यांच्या सोयीचे नाही, आणि म्हणून मला ते अधिक मोलाचे वाटते. खानाच्या वधानंतर खंडोजी खोपडे लपतछपत राहिले आणि अखेर गुंजण मावळच्या हैबतराव शिळीमकरांमार्फत कान्होजींकडे शब्द टाकण्यासाठी आले. कान्होजींनी महाराजांकडे रदबदली केली, अभय मिळाले, आणि नंतर महाराजांनी खोपड्यांचा उजवा हात व डावा पाय तोडवला. कान्होजींना ते लागले आणि त्यांनी महाराजांना तसे विचारलेही. आपल्या पूर्वजाचा शब्द पुरता राखला गेला नाही, ही गोष्ट घराण्याचा मोठेपणा वाढवणारी नव्हे. ती करीन्यात आली, कारण ती खोऱ्यातल्या सगळ्यांना माहीत होती आणि टाळण्यासारखी नव्हती. देशमुख एकमेकांचे शत्रू असले तरी एकमेकांचे सोयरेही होते, एका खोऱ्यातल्या माणसाला वाचवणे हे दुसऱ्या खोऱ्यातल्या देशमुखाला कर्तव्य वाटत होते, आणि वाढते राज्य या जुन्या गोताच्या वर चढत होते. हा बदल कुठल्याही दरबारी बखरीपेक्षा या चार ओळींत स्पष्ट दिसतो.

बांदलांच्या मानाची हकीकतही अशीच आहे. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना १६६० मध्ये घोडखिंडीत जी माणसे पडली ती हिरडस मावळच्या बांदल देशमुखांच्या जमावातली होती, आणि बाजीप्रभू देशपांडे हेही त्याच जमावातले. त्यानंतर दरबारात पहिल्या पानाचा जो मान जेध्यांकडे होता तो बांदलांना द्यावा असे ठरले आणि कान्होजींनी ते मान्य केले, असे करीना सांगतो. मान सोडल्याची नोंद ठेवणे म्हणजे तो आधी आमचा होता याची नोंद ठेवणे, असे कुणी म्हणेल, आणि ते चुकीचे होणार नाही.

शकावली : जेथे घराण्याला काही मिळवायचे नव्हते

शकावलीचा घाट अगदी वेगळा आहे. वर्षाचा शक, संवत्सराचे नाव, मग महिना, पक्ष, तिथी, कधी वार, आणि पुढे एक-दोन वाक्यांत घटना. वर्णन नाही, भाषणे नाहीत, कारणमीमांसा नाही. शहाजीराजांची १६४८ मधली अटक, १६४९ मधली सुटका, अफजलखानाचा वध, लढाया, जन्म, मृत्यू असे सगळे एकाच कोरड्या सुरात येते. सुरुवात शके १५४० मधल्या औरंगजेबाच्या जन्मापासून व्हावी आणि टिपणे शके १६१९ पाशी थांबावीत, यावरून माझा तर्क असा की, औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरून मावळच्या प्रत्येक घराला त्याचे नाव परिचयाचे झाले, त्या पिढीत कुणीतरी जुनी-नवी टिपणे एकत्र करून ही शकावली सिद्ध केली असावी.

तिच्यातली ती नोंद अशी : शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, आणि या दिवशी राजश्री शिवाजी राजे शिवनेरीस उपजले. इंग्रजी तारखेत हा दिवस १९ फेब्रुवारी १६३० होतो.

त्यापूर्वी सर्वत्र मान्य असलेला जन्मशक १५४९ हा होता, म्हणजे १६२७ चा वैशाख. त्याचा आधार मुख्यतः बखरींचा. मल्हार रामराव चिटणीसांची बखर १८१० च्या सुमाराची, म्हणजे घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांची. बखरकार खोटारडे होते असे नव्हे. पण दरबारात, दरबारासाठी आणि ऐकीव परंपरेवरून लिहिताना पावणेतीन वर्षांचा फरक पडणे मुळीच अवघड नव्हते, विशेषतः प्रभव आणि शुक्ल हे संवत्सर साठांच्या चक्रात एकाआड एक असताना.

आता परीक्षा. तिथी आणि वार यांचा मेळ हा अशा नोंदींचा पहिला पडताळा असतो. १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. आजच्या कालगणनेत तिच्या जागी १ मार्च १६३० येतो. १६०० सालचा १ मार्च बुधवारी होता. तेथून तीस वर्षांचे तीस वार आणि मधल्या सात लीप वर्षांचे सात, असे सदतीस वार पुढे सरकले की सातांनी भागून दोन उरतात आणि बुधवारानंतरचा दुसरा वार शुक्रवार येतो. शकावलीतला वार बरोबर आहे. अफजलखानाच्या वधाची मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार, शके १५८१, ही तिथी १० नोव्हेंबर १६५९ शी जुळते आणि तो दिवस गुरुवारच ठरतो. १९२२ मध्ये स्वामीकन्नू पिल्ले यांचे पंचांगाचे मोठे कोष्टकग्रंथ निघाल्यापासून असे पडताळे अभ्यासकाला घरी बसून करता येऊ लागले.

हस्त नक्षत्राचे तितके कौतुक मात्र करू नये. फाल्गुनी पौर्णिमेला चंद्र फाल्गुनी नक्षत्रांजवळ असतो, तेव्हा दोन-तीन दिवसांनी तो हस्तात असणे स्वाभाविक आहे, आणि तो तिथीपासून वेगळा पुरावा होत नाही. वाराचाही अर्थ मर्यादित आहे. जाणता जोशी मागे जाऊन तिथी आणि वार यांचा बिनचूक मेळ घालू शकतो. हिशोब जुळला याचा अर्थ नोंद आतून सुसंगत आहे एवढाच. ती खरी आहे हे ठरवायला बाहेरचा साक्षीदार लागतो.

असे साक्षीदार पुढच्या दशकात मिळाले. सदाशिव महादेव दिवेकर यांना तंजावरला कवीन्द्र परमानंदांच्या शिवभारताचे हस्तलिखित सापडले, आणि महाराजांच्या हयातीतल्या या संस्कृत काव्यात हाच शक व हीच तिथी निघाली. जोधपूरला मिठालाल व्यास यांच्याकडील कुंडल्यांच्या संग्रहात शिवाजी राजांची कुंडली मिळाली. तिच्यात संवत् १६८६, फाल्गुन वदि तीज, शुक्रवार असे आहे. हाही घराण्याने राखलेला संग्रहच, फक्त वतनदाराचा नव्हे तर ज्योतिष्याचा. येथे एक बारीक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मारवाडात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला फाल्गुन वद्य पक्ष तिकडे चैत्र वदि व्हायला हवा. कुंडलीत तो फाल्गुन वदि म्हणूनच आला आहे. म्हणजे ही माहिती दक्षिणेतल्या कुणाकडून जशीच्या तशी तिकडे गेली असावी, असा एक अर्थ निघतो. तसे असेल तर तिचा स्वतंत्रपणा थोडा कमी होतो, पण तिचे मूळ आपल्याकडच्या नोंदीत होते ही गोष्ट पक्की होते.

या सगळ्याच्या आधी जो विचार मला निर्णायक वाटतो तो गणिताचा नाही. महाराजांचा जन्म शके १५४९ मध्ये झाला की १५५१ मध्ये, यावर कारीच्या जेध्यांचे एक बिघाभर शेतही अवलंबून नव्हते. ती तिथी बदलून कुठलाही तंटा जिंकता येणार नव्हता, कुठलाही मान वाढणार नव्हता. ज्या कागदाच्या शेजारी करीना आहे, ज्याच्या प्रत्येक प्रसंगात घराण्याचा हात दिसतो, त्याच रुमालात ही ओळ कुणाच्याही हिताची नसल्यामुळे शांत पडून राहिली. अशी ओळ कुणी मुद्दाम घडवत नाही. चुकून चुकीची लिहिली जाऊ शकते, आणि म्हणूनच वाराचा पडताळा आणि शिवभारताची साक्ष लागते.

नोंद छापून आल्यावर

टिळक स्वतः १८९६ पासून शिवोत्सव महाराष्ट्रभर नेण्यात पुढे होते. प्रचलित जन्मशकाला धक्का देणारा कागद त्यांनीच छापावा, ही गोष्ट कमी लोकांच्या लक्षात असते. छापल्यामुळे प्रश्न मात्र सुटला नाही. १९२५ मध्ये द. वि. आपटे आणि दिवेकर यांच्या शिवचरित्रप्रदीपात शकावली पुन्हा आली आणि अभ्यासकांत तिचे वजन वाढत गेले. तरीही १९२७ साली जुन्या शकाच्या हिशोबाने जन्माचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव साजरा झाला. त्या निमित्ताने निघालेल्या, गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या स्मारकग्रंथात जदुनाथ सरकार यांनी केलेला याच शकावलीचा इंग्रजी अनुवाद आहे. म्हणजे ज्या वर्षाला उत्सव झाला ते वर्ष चुकीचे ठरवणारा कागद त्याच उत्सवाच्या ग्रंथात बांधला गेला. १९६६ मध्ये राज्य सरकारने इतिहासकारांची समिती नेमली, तीत एकमत झाले नाही, आणि शासकीय जयंतीसाठी १९ फेब्रुवारी नक्की व्हायला आणखी तीन दशकांहून अधिक काळ गेला. तिथी की तारीख हा वाद त्यानंतरही चालू आहे. तो या प्रकरणाचा विषय नाही.

उरलेले कागद

त्या एका ओळीच्या प्रकाशात बाकीचे दप्तर अंधारात गेले, ही या प्रकरणाची मला खटकणारी बाजू आहे. अ. रा. कुलकर्णी यांनी शकावली आणि करीना एकत्र संपादित करून दिले म्हणून करीना निदान अभ्यासकांच्या वाचनात राहिला. पण बारा मावळांतल्या इतर देशमुख-देशपांड्यांच्या, पाटील-कुलकर्ण्यांच्या घरांतले जे कागद आहेत त्यांत राजाचा जन्म नाही, लढाई नाही, म्हणून त्यांना विचारणारेही कमी.

त्यांचा आणखी एक आधार १९५० मध्ये सुटला. परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा झाला आणि ज्या कारणासाठी हे रुमाल तीनशे वर्षे जपले गेले ते कारणच उरले नाही. शाळांतून मोडी गेलेली असल्यामुळे घरातल्या पुढच्या पिढीला ते वाचताही येईनात. हक्काचा कागद म्हणून किंमत संपली आणि इतिहासाचा कागद म्हणून किंमत अजून कुणी सांगितलेली नव्हती, त्या मधल्या दोन-तीन दशकांत वाडे पडले, वाटण्या झाल्या, घरे पुण्या-मुंबईला हलली आणि कितीतरी पेटारे रद्दीत गेले. परचक्रात जळाले त्यापेक्षा या शांततेच्या काळात अधिक गेले असावेत, अशी माझी समजूत आहे.

जे उरले ते कसे असते, हे एकदा जवळून पाहावे. रुमालाची गाठ सहजी सुटत नाही, कारण ती कित्येक वर्षांत कुणी सोडलेली नसते. आत लांबट बंद, म्हणजे कागदाच्या जोडलेल्या पट्ट्या, एकावर एक गुंडाळलेले. हातकागद आणि काजळीची शाई, त्यामुळे अक्षर अजून काळेभोर. जेथे एक ताव संपून दुसरा खळीने जोडला आहे तेथे नेमकी कसर लागलेली, कारण किड्याला कागदापेक्षा खळ अधिक आवडते. त्या जोडावर असलेला शिक्का अर्धा वरच्या तुकड्यावर आणि अर्धा खालच्यावर राहतो. माथ्यावर श्री, मग आधी आखून घेतलेल्या रेघेला टांगलेली मोडीची ओळ, आणि तारखेच्या जागी ‘छ’ हे चंद्राचे अक्षर, अरबी महिना आणि सुहूर सन, म्हणजे दक्षिणेतल्या जुन्या कागदांत वापरली जाणारी वर्षगणना. घरातले वडीलधारे शेजारी बसून विचारतात, ‘यात आमच्या जमिनीचं काही आहे का?’ जुना प्रश्न अजून मेलेला नाही, आणि त्या प्रश्नाला खरे उत्तर देणे हे कागद वाचणाऱ्याचे पहिले काम आहे. माझ्या परिचयातल्या एका घरातून चार सनदा झेरॉक्स काढून आणतो म्हणून गेल्या त्या परत आल्या नाहीत. तेव्हापासून तेथे कुणालाही रुमाल दाखवला जात नाही, आणि मी त्या घराला दोष देऊ शकत नाही. आता फोनमधल्या कॅमेऱ्याने कागद जागेवरून न हलवता टिपता येतो. फक्त प्रत्येक बंदाचा वरचा, मधला आणि खालचा भाग क्रमाने घ्यावा, पाठीमागची बाजू विसरू नये, आणि रुमालात तो कागद कोणत्या कागदांच्या मध्ये होता ते लिहून ठेवावे. शकावलीचा अर्थ करीन्याच्या शेजारी लागतो, तसा प्रत्येक कागदाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांमुळे लागत असतो. सुटा काढलेला कागद अर्धा मुका होतो.

अशा रुमालात बहुधा एखादा महजर निघतो. तंटा साधाच असतो, एखाद्या पाटीलकीच्या वडीलपणाचा किंवा शिवेवरच्या आंब्याचा. मजकूर संपल्यावर खाली साक्षी येतात. लिहिता येणाऱ्यांची अक्षरे थोडी, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या निशाण्या पुष्कळ. कुणब्याच्या नावापुढे बोरूने काढलेला लहानसा नांगर, न्हाव्याच्या नावापुढे आरसा, बाकीच्या बलुतेदारांपुढे आपापल्या हत्याराची खूण. त्यांतल्या कुणाचेही नाव दुसऱ्या कुठल्याही कागदात सापडत नाही. तंट्याचा निकाल देशमुखाला हवा होता म्हणून त्याने तो महजर जपला, आणि त्या निमित्ताने तळाशी ही दहा-बारा माणसे राहून गेली.